दिल्लीत घर शोधताना: आधी उतार, मग कॉलनीचा दर्जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून दिल्लीला बदली झाली आहे, कार्यालय मध्य दिल्लीत आयटीओ चौकाजवळ आहे, सोबत पत्नी, आठवीतली मुलगी आणि दम्याचा त्रास असलेली आई येणार आहे. नकाशावर दिल्ली पाहून काहीच उमजत नाही, तर हे शहर समजून कसं घ्यायचं आणि घर कुठे पाहायचं?

मी नगररचनेत काम करते आणि नोकरीतली बहुतेक वर्षं दिल्लीतल्या वसाहती, नाले आणि जमिनींच्या फायलींत गेली आहेत. त्यामुळे लाल किल्ला, इंडिया गेट, पराठेवाली गली वगैरे इथे येणार नाही. ते दाखवायला पाहुणेमंडळी आहेतच. घराचा दलाल तुम्हाला मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर आहे ते सांगेल. तुम्ही त्याला वेगळंच विचारायचं आहे. या गल्लीतलं पाणी कुठे उतरतं, आणि ही कॉलनी कागदोपत्री नक्की कोणत्या प्रकारात मोडते? दिल्लीतलं नळाचं पाणी, गटार, रस्ता, भाडं, पावसाळ्यातली दैना, जवळजवळ सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

आधी उतार. दिल्लीचं क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे. सपाट दिसतं, पण तसं नाही. अरवलीचं उत्तरेकडचं शेपूट दक्षिणेला तुघलकाबाद-मेहरौलीकडून शहरात शिरतं, धौला कुआंवरून विद्यापीठामागे जातं आणि वजीराबादजवळ यमुनेला टेकून संपतं. दिल्लीकर याला नुसतं ‘रिज’ म्हणतात. पूर्वेला यमुना. जुनी दिल्ली, नवी दिल्ली आणि दक्षिण दिल्लीचा बराच भाग या दोहोंच्या मधल्या पाचरीत बसला आहे. जुन्या महसुली दप्तरांत इथल्या जमिनीचे चार प्रकार केलेले आहेत: कोही म्हणजे रिजची खडकाळ जमीन, बांगर म्हणजे पुराच्या टप्प्याबाहेरचा जुना गाळ, खादर म्हणजे नदीचं पूरमैदान, आणि डाबर म्हणजे नजफगढकडचा पाणी साचणारा सखल भाग. शंभर-सव्वाशे वर्षं झाली, वर काँक्रीट चढलं, तरी ही वाटणी अजून लागू आहे. घर पाहताना मी मनात आधी हेच चार शब्द फिरवते.

‘सात दिल्ली’, म्हणजे इथे एकामागून एक वसलेली जुनी नगरं, आपण ऐकून असतो. त्या नगरांच्या जागा पाहिल्या की सुलतानांची खरी डोकेदुखी कळते. मेहरौली खडकावर, शत्रूपासून सुरक्षित, पण नदी लांब. म्हणून इल्तुतमिशने हौज-ए-शम्सी बांधला आणि आजूबाजूला बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, खणल्या गेल्या. अलाउद्दीन खिलजीने सिरी वसवली, तेव्हा तिच्यासाठी मोठा तलाव खणावा लागला. तोच आजचा हौज खास. घियासुद्दीनचं तुघलकाबाद खडकावरच उभं राहिलं आणि थोड्याच काळात ओस पडलं. त्याच्या मुलाने, मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी आपल्या देवगिरीला हलवली ती गोष्ट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण त्याच माणसाने साकेतजवळ खिडकी गावाशी सातपुला नावाचा दगडी बंधारा बांधून जहांपनाह नगरासाठी पाणी अडवलं, ते बघायला कोणी जात नाही. सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन जा. दिल्ली समजून घ्यायला कुतुबमिनारापेक्षा ही जागा जास्त उपयोगी आहे, असं माझं मत.

शाहजहानने सतराव्या शतकात शेवटी नदीकाठच गाठला. लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीला तेव्हा यमुना लागून वाहत होती, आणि चांदनी चौकातून कालव्याचं पाणी खेळत होतं. पुढे कालवा बुजला, नदी पूर्वेला सरकली, मधल्या जागेवर रिंग रोड झाला.

इंग्रजांचीही तीच गत. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्जने दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा केली आणि उत्तरेकडे दरबाराच्या मैदानातच पायाभरणीचे दगड बसवले. नंतर तज्ज्ञांनी जागा पाहिली तर ती सखल, पुराची आणि मलेरियाची निघाली. सम्राटाने स्वतः बसवलेले दगड उचलून दक्षिणेला रायसीनाकडे न्यावे लागले. ल्युटेन्स आणि बेकर या वास्तुविशारदांची नवी दिल्ली त्यामुळे उंचवट्यावर उभी राहिली. १९३१ मध्ये तिचं उद्घाटन झालं.

मराठी माणसाला तर यमुनेचा स्वभाव महागात पडलेला आहे. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती. भाऊ पश्चिमेला, अब्दाली पूर्वेला, आणि मधे पाणी. भाऊ कुंजपुऱ्याकडे उत्तरेला सरकले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीला बागपतजवळ नदी ओलांडायला उथळ जागा सापडली. तो नदीच्या या काठावर आला आणि मराठ्यांच्या फौजेचा दिल्लीशी असलेला दुवाच तुटला. पुढे जानेवारीत पानिपत झालं.

आता तुमच्या कार्यालयाकडे येते. आयटीओ म्हणजे अगदी नदीलगतचा भाग. जुलै २०२३ मध्ये जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. धोक्याची खूण २०५.३३ ची, आणि त्याआधीचा विक्रम १९७८ चा, २०७.४९ चा. त्या दिवसांत लाल किल्ल्यामागे रिंग रोडवर पाणी होतं, म्हणजे नदी आपल्या जुन्या जागी येऊन गेली. आयटीओच्या चौकातही पाणी भरलं. कारण फार मासलेवाईक होतं. शहराचं सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी एक दरवाजा असतो. तो पुराच्या दाबाने निकामी झाला आणि नदी नाल्यातून उलटी शहरात शिरली. पूर ओसरला, पण नाले आणि दरवाजे त्याच व्यवस्थेचा भाग आहेत. तुमचं कार्यालय तिथेच राहणार, त्याला इलाज नाही. घर तरी तिथे नको.

पावसाचंही असंच. दिल्लीचा वर्षाचा सरासरी पाऊस पुण्याच्या आसपासच आहे, पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो. २८ जून २०२४ ला सफदरजंग वेधशाळेत २४ तासांत २२८ मिलिमीटर पडला. नवी दिल्ली स्टेशनजवळचा मिंटो ब्रिज दर पावसाळ्यात बुडतो आणि दर पावसाळ्यात त्याचा फोटो छापून येतो. तो सखल आहे आणि भोवतालचं पाणी तिथेच येणार, यात बातमी कसली? खरी चिंता तळघरांची. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्रनगरात एका कोचिंगच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. यूपीएससीच्या तयारीसाठी आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे राहतात, त्यामुळे नाव ओळखीचं असेल.

त्या राजेंद्रनगरावरूनच दुसऱ्या मुद्द्याकडे, कॉलनीच्या दर्जाकडे वळते. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची वस्ती सव्वानऊ लाखांच्या आत होती, १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. मधे फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर, मालवीयनगर अशा वसाहती आखल्या. छोटे भूखंड, एक-दोन मजली घरं, त्या मानाने गटारं. आज त्याच भूखंडावर खाली पार्किंग, वर चार मजले आणि पोटात तळघर. माणसं किती पटींनी वाढली, पण खालची नळी जवळपास तीच.

१९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए स्थापन झालं आणि १९६२ मध्ये पहिला मास्टर प्लॅन आला. कल्पना अशी होती की शेतजमीन मोठ्या प्रमाणावर सरकारने घ्यायची, विकसित करायची आणि घरं बांधून वाटायची. जमीन घेतली गेली, पण घरं मागणीच्या मानाने फारच कमी झाली. माणसं यायची थांबली नाहीत. मग शेतकऱ्याने किंवा दलालाने शेताचे तुकडे पाडून विकले, लोकांनी घरं बांधली आणि रस्ता, पाणी, वीज मागाहून, बहुतेक वेळा निवडणुकीच्या तोंडावर आली. या झाल्या ‘अनधिकृत कॉलन्या’. २०१९ मध्ये केंद्राने मालकीहक्क देण्याची योजना आणली तेव्हा यादीत १,७३१ कॉलन्या होत्या. त्यांत मजूर राहतात, तसे मास्तर, कारकून, दुकानदारही राहतात, आणि या यादीबाहेर ठेवलेल्या काही अनधिकृत कॉलन्या तर आलिशान फार्महाऊसवाल्यांच्या आहेत. त्यामुळे अनधिकृत म्हणजे झोपडपट्टी असं समजू नका.

याशिवाय ‘लाल डोरा’. १९०८ च्या सुमाराला महसुली नकाशावर गावठाणाभोवती तांबडी रेघ मारली गेली. रेघेच्या आतल्या बांधकामाला पुढे नगरपालिकेच्या नियमांतून सूट मिळाली. शहर वाढलं आणि शेकडो गावं पोटात घेत गेलं. मुनिरका, बेर सराय, शाहपूर जाट, हौज खास गाव ही सगळी मूळची अशी गावठाणं. बाहेरून पॉश वस्ती, आत शिरलात की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या. विद्यार्थ्यांना आणि नवख्या नोकरदारांना स्वस्त खोली मिळते ती इथेच. अग्निशमन दलाची गाडी मात्र आत येत नाही. त्याखेरीज झोपडपट्ट्या, तिथून उठवून वसवलेल्या पुनर्वसन वसाहती (आणीबाणीच्या काळात यांतल्या कित्येक यमुनेपार आणि उत्तरेला वसवल्या गेल्या) आणि जुन्या दिल्लीचे कटरे-कूचे, म्हणजे दाटीचे वाडे आणि गल्ल्या. २०००च्या एका सरकारी अंदाजानुसार दिल्लीतले फक्त २३.७ टक्के लोक रीतसर नियोजित कॉलन्यांत राहत होते. हा आकडा जुना आहे, पण मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी तो सांगते. नियोजित दिल्ली हा इथला अपवाद आहे.

तक्रार कुठे करायची, हा याच्याच पुढचा भाग. ल्युटेन्सच्या बंगल्यांचा, कॅनॉट प्लेसचा भाग एनडीएमसीकडे, म्हणजे नवी दिल्ली नगर परिषदेकडे. क्षेत्र जेमतेम ४३ चौरस किलोमीटर, कारभार चकाचक, तुम्हाला तिथे सरकारी क्वार्टर मिळालं तर पुढचं वाचायची गरजच नाही. लष्करी छावणीचा कारभार वेगळा. बाकी बहुतेक शहर दिल्ली महानगरपालिकेकडे, जी २०१२ मध्ये तीन तुकड्यांत फोडली आणि २०२२ मध्ये पुन्हा जोडली. पण रुंद रस्ते पालिकेचे नाहीत, ते दिल्ली सरकारच्या बांधकाम खात्याचे. नळ आणि मलवाहिनी जल बोर्डाची, मोठे नाले सिंचन व पूरनियंत्रण खात्याचे, मोकळी जमीन डीडीएची म्हणजे केंद्राची, आणि पोलीसही केंद्राचे. विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, पण जमीन आणि पोलीस त्यांच्या हातात नाहीत. पुण्यात पालिकेच्या नावाने बोटं मोडली की विषय संपतो. इथे एका खड्ड्यासाठी आधी रस्त्याची रुंदी मोजावी लागते. यावरचं राजकारण तुम्ही रोज वाचालच, मी त्यात शिरत नाही.

आता पाणी. दिल्लीचं बहुतेक पाणी बाहेरून येतं: हरियाणातून मुनक कालव्याने, उत्तर प्रदेशातून गंगेच्या कालव्याने, आणि वजीराबादच्या बंधाऱ्यापाशी यमुनेतून. हिवाळ्यात वरच्या अंगाने येणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढला की वजीराबाद आणि चंद्रावळ इथली शुद्धीकरण केंद्रं उत्पादन घटवतात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या भागांत नळाला धार उरत नाही. वजीराबादच्या खाली नजफगढ नाला यमुनेत पडतो. हा मूळचा साहिबी नदीचा प्रवाह. आज शहरातला सगळ्यांत मोठा सांडपाण्याचा पाट. तिथून ओखल्यापर्यंतच्या जेमतेम २२ किलोमीटरमध्ये नदीची जी अवस्था होते, ती छठपूजेच्या वेळी फेसाच्या फोटोंत देशभर दिसते.

घर पाहताना याचा अर्थ असा लावायचा. रिजवरच्या भागात, उदाहरणार्थ वसंत कुंजमध्ये, हवा आणि हिरवाई छान, पण खाली खडक आणि भूजल खोल. उन्हाळ्यात टँकरची चौकशी करावी लागते. नजफगढ-द्वारकेच्या बाजूला बोअरचं पाणी खारं लागू शकतं. यमुनेपार, म्हणजे दिल्लीकरांच्या भाषेत जमनापार, जमीन सैल गाळाची. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये येते आणि असा मऊ गाळ हादरे वाढवतो. म्हणून जमनापार घ्यायचंच तर खांबांवर उभ्या केलेल्या बिल्डर फ्लोअरपेक्षा (छोट्या भूखंडावर बिल्डरने बांधून मजल्यागणिक विकलेलं घर) जुन्या सहकारी सोसायटीतला फ्लॅट पाहा आणि तिचा बांधकाम-तपासणीचा दाखला मागा. दाखला विचारल्यावर सेक्रेटरी कसे उत्तर देतात, त्यावरूनही पुष्कळ समजतं.

आयटीओसाठी मी तुम्हाला दोनच पट्टे सुचवीन. पहिला मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवरचा: जंगपुरा, लाजपतनगर, कैलाश कॉलनी, कालकाजी. गाडी न बदलता आयटीओ स्टेशन. आयटीओच्या मानाने उंचावर, रुग्णालयं जवळ. भाडं मात्र चटका देणारं. जंगपुऱ्याकडे बारापुला नाल्यापासून अंतर ठेवा. वास तर येतोच, शिवाय नाल्यातल्या वायूने एसीच्या तांब्याच्या नळ्या काळ्या पडून गळतात, हा नाल्याकाठच्या लोकांचा नेहमीचा अनुभव. दुसरा पट्टा जमनापारचा: मयूर विहार फेज १ आणि पटपडगंजच्या सोसायट्या. मोठी घरं, लिफ्ट, पार्किंग, मोकळं अंगण, आणि नदी ओलांडली की तुम्ही कार्यालयात. दक्षिण दिल्लीतली मंडळी ‘जमनापार’ म्हणताना नाक मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका. पण आईंच्या दम्याचा विचार केला तर इथे एक अडचण आहे. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आणि आनंद विहारचं बसस्थानक याच बाजूला, आणि आनंद विहारचं हवामापन केंद्र हिवाळ्यात वाईट आकड्यांत बहुधा वरच्या क्रमांकावर असतं. त्यामुळे खर्च झेपत असेल तर माझा कौल पहिल्या पट्ट्याला, त्यातही कैलाश कॉलनी-कालकाजीच्या बाजूला.

हवेबद्दल सरळ बोलते. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत थंड हवेचा थर खाली दबून राहतो, वारा पडतो, आणि गाड्या, धूळ, कचरा, कारखाने आणि पंजाब-हरियाणातली पराळी, म्हणजे शेतात जाळलेले भाताचे खुंट, यांचा धूर शहरावर साचतो. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) ४०० च्या वर गेलेले दिवस दर हिवाळ्यात येतात. कॉलनी बदलून यात थोडाच फरक पडतो, कारण ही हवा सगळ्या खोऱ्याची आहे. आईंना शक्य असेल तर दिवाळी ते संक्रांत पुण्यातच राहू द्या. ते जमणारं नसेल तर त्यांच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र, मुख्य रस्त्यापासून आतलं घर आणि पहाटेच्या फिरण्यावर बंदी. जुनी गाडी पुण्याहून आणणार असाल तर थांबा; गाडीच्या वयाचे आणि इंधनाचे दिल्लीतले नियम वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. ताजा नियम पाहूनच ठरवा. मेट्रोमुळे गाडीवाचून अडतही नाही. मुलगी एकटी जाणार असेल तर पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. काळजी घ्यावी लागते ती स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेची, तेव्हा ती वाट अंधार पडल्यावर एकदा स्वतः चालून पाहा.

मराठी माणसं पूर्वीपासून करोल बाग आणि पहाडगंज भागात आहेत. पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, सोन्याच्या बाजारात विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, आहेत. गणपतीत कोणाच्या तरी घरी ओळख निघतेच.

येण्याची वेळ मार्चअखेरची धरा. शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मुलीला नववीतच प्रवेश मिळणं महत्त्वाचं, कारण सीबीएसईत नववी-दहावी हा जोडून दोन वर्षांचा अभ्यासक्रम मानतात आणि थेट दहावीत शिरणं किचकट असतं. नोकरी केंद्र सरकारची असेल तर केंद्रीय विद्यालयात बदलीच्या आदेशावर प्राधान्य मिळतं. आदेशाच्या प्रती जवळ ठेवा. मार्चमध्ये घर पाहाल तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत असेल आणि दलाल म्हणेल, ‘यहाँ पानी नहीं भरता जी.’ त्याला काही बोलू नका. खाली इस्त्रीवाला किंवा चौकीदार असेल त्याला विचारा, की २०२३ च्या जुलैत आणि २०२४ च्या जूनमध्ये गाड्या कुठे नेऊन लावल्या होत्या. मग नळाच्या वेळा, मोटर किती वाजता लावतात, आणि वरच्या टाकीत तुमचा वाटा किती, हे विचारून घ्या. तळमजला आणि तळघराला लागून असलेला मजला घेऊ नका. करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. त्यात घर लवकर सोडण्याची अट नीट वाचा, म्हणजे पहिल्या पावसाळ्यानंतर जागा पटली नाही तर अडकून पडणार नाही.